टोपीतला पंखा

आमच्या बाल्केडीत पत्ते खेळताना कुणी हातचलाखी केली की समोरचा लगेच म्हणतो, "ही गोर्लीची टोपी झाली बरं का." घोड्याच्या सौद्यात दोघं आतून मिळालेले असले तरी गोर्लीची टोपी. गावाच्या कारभारात आधीच ठरलेला माणूस निवडून आला तरी गोर्लीची टोपी. पोरंसोरंसुद्धा गोट्या खेळताना म्हणतात. हा गोर्ली कोण, त्याची टोपी कसली, असं विचारलंत तर दहातले नऊजण नुसते तोंडाकडे बघतील. दहावी मी.

निनियन गोर्ली आमच्या गावचे नाचाचे मास्तर होते. त्यांच्याबद्दल लिहायचं तर मला माझ्याबद्दलही लिहावं लागणार, आणि ते काही मला शोभा देणारं नाही. पण चौसष्टाव्या वर्षी शोभा घेऊन करायचंय काय?

ज्या हिवाळ्यात गिरणीचं चाक बर्फात रुतून बसलं, त्या हिवाळ्यात ते गावात आले, असं माझी एफी आत्या सांगायची. बाप डनफर्मलिनचा विणकर. मुलानं मागावर बसायचं सोडून एडिंबरोला एका फ्रेंच मास्तराचं सामान वाहिलं, आणि सामान वाहता वाहता त्याची विद्या उचलली. अंगानं काटकुळे, नाक लांब, एक गुडघा बसता-उठता कट्कन वाजायचा. पण दारातून आत आले की खोलीतली माणसं आपोआप ताठ बसायची. कोटाच्या खिशात मावेल एवढंसं व्हायोलिन त्यांच्याकडे होतं. ते वाजवत वाजवतच नाचून दाखवायचे, आणि मध्येच त्याच्या गजानं आमच्या कोपराला टिचकी मारायचे. "मिस ग्रिझेल, डावा खांदा. तो कानाला काही सांगायला चाललाय का?"

शिकवणी धान्यबाजाराच्या माळ्यावर चालायची. तिथं बार्लीचा वास आणि उंदीर, दोन्ही भरपूर. पहिला महिनाभर नाच नाहीच. नुसतं दारातून आत यायचं, उभं राहायचं, खुर्चीवर बसायचं, टोपी काढून हातात धरायची, चहाचा पेला द्यायचा, घ्यायचा. खाटकाचा सँडी एकदा वैतागला. म्हणाला, "मास्तर, माझ्या बापानं नाचायचे पैसे दिलेत. उभं राहायला मला फुकट येतं."

"तुला उभं राहता येत नाही, सँडी," मास्तर म्हणाले. "आणि उभं राहता येत नाही त्याचा नाच म्हणजे पडणंच असतं. फक्त जरा सावकाश."

बोलणं कसं असावं, हेही तेच शिकवायचे. पुरुषानं बाईवर उपकार केला आणि तिनं आभार मानले, तर त्यानं काय म्हणावं? "मी काहीच केलं नाही," असं म्हणावं. आणि बाईनं काय करावं? हसून मान लववावी, वाद घालू नये. हे आम्ही जोड्या करून वीस वीस वेळा घोकलं आहे. सँडी आभार मानून घ्यायला इतका उतावीळ असायचा, की मास्तर म्हणायचे, "अरे, उपकार तरी आधी होऊ दे."

आता टोपीचं सांगते. हिवाळा लागला की गावात नाचसभा सुरू व्हायची, दर गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता. पहिल्याच गुरुवारी जोड्या ठरायच्या, त्या अख्ख्या हिवाळ्यासाठी. ठरायच्या अशा, की प्रत्येक मुलीनं आपला पंखा मिटून, पांढऱ्या दोऱ्यानं बांधून मास्तरांच्या तिकोनी टोपीत टाकायचा. मग पुरुषांनी वयाच्या क्रमानं एकेकानं यायचं, लेडी ड्रमकारोंच्या खुर्चीकडे तोंड करायचं आणि न बघता टोपीत हात घालायचा. ज्या मुलीचा पंखा हाती लागेल, तिच्याबरोबर चार महिने नाचायचं. दर गुरुवारी तिला एक संत्रं आणायचं, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या घरी चहाला जाऊन तब्येत विचारायची. सुंदर असो, काळी असो, बोबडी असो, तक्रार करायची नाही. निम्म्या गावाची लग्नं त्या टोपीतून निघाली आहेत. लेडी ड्रमकारो सभेच्या मालकीण. त्यांनी मान हलवली की नाच सुरू, पंखा मिटला की बंद.

टोपी धरायचे मास्तर. बावीस वर्षं धरली. धरली की वर आढ्याकडे बघायचे, शेवटचा पंखा निघेपर्यंत खाली बघत नसत. ते स्वतः सभेत कधी नाचले नाहीत. मास्तर म्हणजे शेवटी पगारी माणूस, त्यांचा पंख्यांशी काय संबंध? भिंतीला टेकून उभे राहायचे आणि आमच्या पायांकडे बघत ओठ हलवत ताल मोजायचे. लग्न झालेलं नव्हतं. मला आता वाटतं, त्यांना कधी कुणी विचारलंच नसेल, की मास्तर, तुम्हाला नाचावंसं वाटतं का. मी तरी विचारलं नाही.

सतराशे एकसष्टचा हिवाळा आला तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. आई-बाप नाहीत. बाप गावचा वैद्य होता. त्यानं पुष्कळांना बरं केलं आणि पैसे मागायला विसरला. मी एफी आत्याकडे राहत होते. रूप बेताचं, उंची बेताबाहेरची. आदल्या हिवाळ्यात माझा पंखा एका म्हाताऱ्या कॅप्टनच्या हाती लागला होता, ते नाचापेक्षा पाय वर करून बसायचे जास्त. त्याच्या आदल्या वर्षी मिठाचा व्यापारी, तो बोलण्यावर कर बसवल्यासारखा चार महिन्यांत चार वाक्यं बोलला.

आत्यानं ऑक्टोबरातच सांगून टाकलं, "ग्रिझेल, हा शेवटचा हिवाळा. यंदाही काही जमलं नाही तर ॲबरडीनला जायचं. माझ्या नणंदेला अंथरुणाशी बसायला कुणीतरी हवंय."

"किती दिवस?"

"ती जगेल तितके दिवस. आणि ती चिवट आहे."

त्या हिवाळ्यात वॉल्टर बीटन एडिंबरोहून वकिलीचं शिकून परत आला होता. सरावासाठी तो महिनाभर माळ्यावर यायचा. एकदा माझा पंखा हातातून पडला, त्यानं उचलून दिला, आणि देताना म्हणाला, "याचा कोपरा कुणी खाल्लाय?" पंखा माझ्या आईचा, हाडाच्या काड्यांचा. मुठीजवळ, खिळ्याच्या शेजारी, त्याची एक कपची उडालेली होती. मी म्हटलं, "उंदरानं." तो हसला, आणि मी त्या दिवसापासून कामातून गेले. बाकी गाव धरून चाललं होतं, की वॉल्टर बीटन म्हणजे लेडी ड्रमकारोंच्या मुलीसाठी, मार्जरीसाठीच परत आलाय.

सभेच्या दोन दिवस आधी मी माळ्यावर एकटी गेले. मास्तर फरशीवरचे धान्याचे दाणे झाडत होते. मी तयारी करून गेलेलं सगळं विसरले आणि सरळ म्हटलं, "मास्तर, माझा पंखा वॉल्टर बीटनच्या हाती लागायला हवा."

त्यांनी झाडू भिंतीला लावला. "लागायला हवा म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही टोपी धरता. जरा कलती धरली, किंवा त्याच्या पाळीला माझा वर आणला..."

"मिस ग्रिझेल, बावीस वर्षं मी त्या टोपीत डोकावलो नाही."

"मला ॲबरडीनला पाठवणार आहेत." हे म्हणताना मी रडले. अगदी तोंड वेडंवाकडं करून रडले, त्यांनी शिकवलं तसं रुमालामागे नाही.

त्यांनी आपला रुमाल माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "त्या टोपीवर गावाचा विश्वास आहे म्हणून कुठलीच मुलगी भिंतीला टेकून उभी राहत नाही. आवडीनं निवडायला लागले तर पहिली भिंतीला टेकाल ते तुम्ही, रागावू नका. मी हे करणार नाही." आणि मला जिन्यापर्यंत सोडायला आले, जसं कुठल्याही मुलीला सोडलं असतं.

मी घरी आले ती त्यांना शिव्या देत. पण मनाचा एक कोपरा म्हणत होता, तोंडानं नाही म्हणाले, पण माझं रडणं बघून त्यांचा चेहरा बदलला होता.

गुरुवारी चौदा मुली, चौदा पुरुष. आम्ही ओळीनं जाऊन पंखे टाकले. माझा टाकला तेव्हा मास्तरांनी टोपी किंचित हलवली. सगळ्यांच्या वेळी हलवत होते की नाही, ते मी पाहिलं नव्हतं. मला तेवढं पुरलं. पुरुष येऊ लागले. कॅप्टननी गिरणीवाल्याची बहीण काढली, आणखी दोघांनी आपापलं नशीब काढलं. चौथा वॉल्टर. त्यानं हात घातला, आणि हात आत जरा रेंगाळला. मास्तर आढ्याकडे बघत होते. मग हात वर आला, आणि त्यात माझ्या आईचा पंखा होता.

सगळ्यांनी मार्जरीकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. लेडी ड्रमकारो म्हणाल्या, "वॉल्टर, फार शोधाशोध चालली होती."

"हात गारठलेत, बाईसाहेब," वॉल्टर हसत म्हणाला.

त्या हसल्या नाहीत. पण वॉल्टर मोठ्या घरचा मुलगा, त्याला आणखी काय विचारणार? त्या मास्तरांकडे वळल्या. विणकराच्या पोराला विचारायला काही हरकत नव्हती.

"मास्तर, या आठवड्यात टोपीबद्दल तुमच्याशी कुणी बोललं होतं का?"

मास्तरांनी नजर खाली आणली. नाही म्हणाले असते तर तिथंच मिटलं असतं. पण त्या माणसाला खोटं बोलण्याचा सरावच नव्हता. "हो," ते म्हणाले.

"कुणी मुलीनं?"

"हो."

"कोणत्या?"

"ते मी सांगणार नाही, बाईसाहेब."

"आणि तुम्ही तिचं काम केलंत?"

"नाही."

कुणीतरी मागे हसलं. अर्धं सांगणाऱ्याचं उरलेलं अर्धं कोण खरं मानतं? मीही मानलं नाही. मला वाटलं, आयुष्यात कधी खोटं न बोललेला माणूस आज माझ्यासाठी खोटं बोलला. माझे डोळे भरून आले, आणि मी जागेवरून हलले नाही.

उठून एवढंच म्हणायचं होतं, "मी विचारलं, आणि त्यांनी नकार दिला." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले, की मी उठले असते तर त्यांचं खोटं उघडं पडलं असतं, मी त्यांच्या भल्यासाठीच गप्प बसले. थापा. वॉल्टरच्या हातातला पंखा काढून घेतील, म्हणून मी गप्प बसले.

"मग दुसऱ्या कुणाची तरी टोपी आणा," लेडी ड्रमकारो म्हणाल्या. "ही पुरे झाली."

मास्तरांनी उरलेले दहा पंखे एकेक करून टेबलावर ठेवले, काड्या एका बाजूला येतील असे नीट. टोपी काखेत घेतली. खुर्चीला नमस्कार केला, मग मुलींच्या ओळीला, मग पुरुषांच्या, जसा आम्हाला शिकवला तसा, गुडघा वाजला तरी घाई न करता. मुलींच्या ओळीवरून नजर गेली ती माझ्यावर इतरांइतकीच थांबली. मग मागे मागे सरकत दाराबाहेर गेले.

गावच्या कारकुनाच्या टोपीतून उरलेल्या जोड्या निघाल्या, आणि मी वॉल्टरबरोबर नाचले. डावा खांदा खाली ठेवून नाचले. नंतर त्यानं संत्रं सोलून दिलं. ते गोड होतं, आणि मी ते सगळं खाल्लं.

पुढचं लवकर सांगण्यासारखं आहे. लोकांनी आपल्या मुली मास्तरांच्या माळ्यावरून काढून घेतल्या. असल्या माणसाकडे पोरीबाळी कशा पाठवायच्या, असं म्हणायचे. मुलींमागून मुलगे गेले. फेब्रुवारीत माळ्यावर पुन्हा बार्लीची पोती आली, आणि मास्तर खाली किनाऱ्याला पिटनवीमला निघून गेले. तिथं कोळ्यांच्या लग्नात व्हायोलिन वाजवायचे, हिवाळ्यात जाळी विणणाऱ्या पोरींना रीलचा नाच शिकवायचे. निघाले त्या दिवशी त्यांना पोचवायला खाटकाचा सँडी तेवढा गेला होता. बापाचा मार खाऊन गेला होता, असं ऐकलं.

माझं लग्न झालं. वॉल्टर बीटन नवरा म्हणून जितका चांगला निघाला, तितकं मी टोपीकडे मागितलंही नव्हतं. तीन मुलं झाली. दर वर्षी सभेची तारीख आली की मी म्हणायचे, "दैवानं गाठ घातली हो आपली." मुद्दाम म्हणायचे. त्याला संशय येऊ नये, की ही गाठ कुणाच्या पोटावर पाय देऊन घातली आहे. तो हसायचा आणि विषय बदलायचा. आणि मी मनात धरून चालले होते, की हा माणूस मी लबाडीनं मिळवला. त्यानं मला स्वतः निवडलं असतं, असं माझ्यासारखीच्या स्वप्नातही येत नाही.

लग्नानंतर नऊ-दहा वर्षांनी आमच्या घरी कामाला असलेल्या केटीचं पिटनवीमला लग्न होतं. मी गेले. माशाच्या पिंपावर बसून एक म्हातारा वाजवत होता. नाक लांब. मध्ये तो जरा थांबला तेव्हा मी जवळ गेले.

"मास्तर, ओळखलंत का?"

"डावा खांदा अजून वरच आहे, बाई. ओळखणार नाही कसा?"

कोट झिजला होता, पण पाठ तशीच ताठ. माशाच्या वासात, त्या कोळ्यांच्या गलक्यात ते असे बसले होते, की जणू समोर लेडी ड्रमकारो बसल्या आहेत. मी म्हटलं, "तुम्ही माझ्यासाठी जे केलंत, त्याचे आभार मानायचे राहिले."

"मी काहीच केलं नाही," ते म्हणाले.

मी हसून मान लववली.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. गज मांडीवर ठेवला. "तसं नाही, बाई. हे शिकवणीतलं वाक्य नाही. तुम्ही मागितलंत, मी नाही म्हटलं, ते तसंच राहिलं. मी काहीच केलं नाही."

"तुमचा मोठेपणा, मास्तर."

त्यांनी गज पुन्हा उचलला. मग विचारलं, "नवरा बरा आहे?"

"फार बरा आहे."

"मग झालं," म्हणाले, आणि व्हायोलिन हनुवटीखाली धरून ओरडले, "नवरीकडचे डावीकडे. डावीकडे म्हटलं, जेमी. तुझ्या चमच्याचा हात नव्हे, तो दुसरा."

मी समाधानानं घरी आले. आभार मानून झाले, फिटलं एकदाचं, असं मला वाटलं. त्यानंतर सात-आठ वर्षांत ते गेले. त्यांना तिकडेच पुरलं, असं केटीनं कळवलं. मी म्हटलं, भला माणूस होता. आणि त्याच आठवड्यात माझा धाकटा मुलगा पत्ते फेकत ओरडला, "ही तर गोर्लीची टोपी." मी त्याला पत्ते उचल एवढंच म्हटलं.

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. वॉल्टरला तीन वर्षांपासून दिसत नाही, डोळ्यांत पांढरं आलंय. मी दुपारी पेटी आवरत होते. हात रिकामे हवेत म्हणून एकेक वस्तू त्याच्या मांडीवर ठेवत होते. पंखा ठेवला. त्यानं तो उचलला आणि त्याचा अंगठा सरळ मुठीजवळच्या त्या उडालेल्या कपचीवर गेला.

"उंदीर," तो म्हणाला आणि हसला. "अगं, शंभरातून काढीन हा मी. एकदा काढलाच होता."

"काय काढला होता?"

"टोपीतून. आता सांगायला काय हरकत आहे, दोघंही म्हातारी झालो. आधीच ठरवून गेलो होतो, तुझाच काढायचा. कपची हाताला लागेपर्यंत चाचपडत राहिलो, तर त्या बाई म्हणतात, फार शोधाशोध चाललीय. मला वाटलं, मेलो आता."

आनंद झाला, खोटं कशाला सांगू. छत्तीस वर्षं ज्याच्या शेजारी चोरटेपणानं झोपले, त्यानं मला चौदा जणींतून हातानं शोधून काढलं होतं. आणि तो आनंद पुरता वर यायच्या आत मला पिटनवीमचं पिंप दिसलं.

"तुम्ही त्या वेळी बोलला का नाहीत?" मी विचारलं. "मास्तरांना काढलं तेव्हा?"

"भ्यालो. तुझा पंखा परत घेतील म्हणून." त्याचा अंगठा अजून त्याच जागी होता. "वाटलं, एक हिवाळा जाईल, लोक विसरतील, त्यांना परत बोलावतील. लोक विसरले नाहीत. मग तू दर वर्षी म्हणायला लागलीस, दैवानं गाठ घातली. तुझं दैव मी कसं खोटं पाडू?"

मग मी माझं सांगितलं. माळ्यावर गेले ते, रडले ते, पिटनवीमचे आभार, सगळं. तो ऐकत होता. दिसत नसलं तरी तोंड माझ्याकडे वळवून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे तू समजत होतीस, त्यांनी केलं."

"हो."

"आणि मी समजत होतो, की त्यांच्याशी दुसरीच कुणीतरी बोलली असेल. त्यांचीही काही चूक असेलच, असं म्हणून मी झोपत होतो." आणि विचारलं, "मग त्यांनी केलं काय होतं?"

"काहीच नाही," मी म्हटलं.

त्यांनी हे मला दोनदा सांगितलं होतं. एकदा भर सभेत, एकदा तोंडावर, आणि तेही शिकवणीतलं वाक्य नाही असं बजावून. मला ते खरं मानणं सोयीचं नव्हतं.

नोव्हेंबरात आम्ही दोघं सभेला गेलो. मी त्याचा हात धरला होता. आता पंखे टाकत नाहीत. ज्याला जी आवडेल तिला तो विचारतो, आणि भिंतीला चार-पाच मुली टेकून उभ्या असतात. खुर्चीवर मार्जरी बसते, तिच्या आईच्या जागी. मी तिला म्हटलं, मला दोन शब्द बोलायचे आहेत. तिनं पंखा मिटून वाजंत्री थांबवली. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. वॉल्टरनं पंखा वर धरला आणि कपचीवर अंगठा ठेवून दाखवला. मी म्हटलं, "निनियन गोर्ली मास्तरांनी लबाडी केली नाही. लबाडी आम्ही केली. आणि त्यांचं अन्न आमच्यामुळे तुटलं."

मग मार्जरी उठली, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "ग्रिझेल, किती गोड गं. म्हणजे यानं तुला मनापासून निवडलं होतं. आणि आम्ही सगळ्या तेव्हा वेड्यासारख्या जळत होतो." भिंतीजवळच्या मुली धावत आल्या. प्रत्येकीला तो पंखा हातात घेऊन बघायचा होता, ती कपची चाचपून बघायची होती. एकीनं डोळे पुसले. कुणीतरी आम्हाला दोघांना संत्रं आणून दिलं.

"मास्तरांचं..." मी म्हटलं.

"हो हो, तेही," मार्जरी म्हणाली, आणि वाजंत्र्यांना खूण केली.

आम्ही निघालो. दाराशी पत्त्यांचं टेबल असतं, तिथं चार तरुण बसले होते. त्यांनीही आत्ताच सगळं ऐकलं असणार, दार उघडंच होतं. त्यातल्या एकानं जोडीदाराच्या हातातले पत्ते खाली पाडले आणि म्हणाला, "पुन्हा पिस. ही गोर्लीची टोपी चालायची नाही." वॉल्टरचा हात माझ्या दंडावर घट्ट झाला. मी त्या मुलाजवळ जाऊन विचारलं, गोर्ली कोण ते माहीत आहे का. तो चटकन उभा राहिला, अदबीनं झुकला आणि म्हणाला, "नाही बाई. असेल कुणीतरी लबाड."